केरबाची स्प्रिंग आणि पडणाऱ्या पट्ट्या

एका जंगलात, बाळांनो, एक वर्कशॉप होते. जंगलात वर्कशॉप कसे, असे विचारू नका. जंगलात निवडणुका होतात, हे तुम्ही मुकाट्याने ऐकून घेता ना? मग हेही घ्या.

तिथे केरबा नावाचा मुंगूस लोखंड तासायचे मिलिंग मशीन चालवी. शेजारच्या मशीनवर दाजी नावाचा रानडुक्कर. दोघांच्या डोक्यावर अस्वलसाहेब. साहेबांचे काम एकच, कोण किती घाम गाळतो ते बघत हिंडायचे.

त्या उन्हाळ्यात पाणवठ्याचा पंप बिघडला. हरणे, भेकरे कोरड्या डबक्याशी जिभा बाहेर काढून उभी. पंपाला लोखंडी झडपा हव्या होत्या, अगदी सपाट. झडप जरा तिरकी झाली की पाणी वर चढेना.

आता झडप करायची म्हणजे लोखंडाचा तुकडा मशीनवरच्या वाइसच्या, म्हणजे पकडीच्या, दोन जबड्यांत आवळून वरून तासायचा. तो खाली बसू नये म्हणून त्याच्याखाली दोन पातळ पट्ट्या उभ्या ठेवायच्या, एकेका जबड्याला टेकवून. त्यांना पॅरलल म्हणतात. या पट्ट्या म्हणजे लग्नातल्या रुसक्या मावश्या. तुकडा उचलला की लगेच आडव्या. मग त्यांना उभे करा, खाली शिरलेला लोखंडाचा कीस झाडा, पुन्हा तुकडा ठेवा. कीस राहिला की झडप तिरकी.

दाजी दिवसभर हेच करी. पट्टी उभी करी, ती पडे. कधी घरंगळून खाली जाई, तो वाकून उचले. त्याची पाठ धरली. घाईत कीस राहून जाई आणि निम्म्या झडपा भंगारात जात.

केरबा मुळातच आळशी. वाकायचा त्याला मनस्वी कंटाळा. सहलीला आलेल्या माणसांनी टाकलेला एक टॉर्च त्याला सापडला. त्याने आतली स्प्रिंग काढली आणि दोन पट्ट्यांच्या मध्ये आडवी बसवली. स्प्रिंगने दोघींना आपापल्या जबड्याशी रेटून धरले. तुकडा काढा, कीस झाडा, दुसरा ठेवा, मावश्या जागच्या ढिम्म हलेनात. केरबाच्या वाट्याच्या झडपा सपाट निघाल्या आणि जेवणाच्या सुट्टीआधीच करून झाल्या. मग तो मशीनला टेकून छान पेंगू लागला.

नेमके तेव्हाच साहेब आले. एकीकडे दाजी घामाने निथळतोय, दुसरीकडे केरबा घोरतोय. झडपा त्यांनी पाहिल्या नाहीत. झडपांना काही घाम येत नाही. दाजीच्या गळ्यात रानजाईचा हार पडला आणि केरबाला बजावण्यात आले की असेच चालले तर झाडू हातात येईल. केरबाने बिचाऱ्याने स्प्रिंग दाखवून पाहिली.

साहेब म्हणाले, "काम झालेलं दिसतंय. तू करताना दिसत नाहीस."

केरबाला फार लागले. त्या दिवशी त्याला जेवणही गेले नाही. पण मुंगूसच तो. दुसऱ्या दिवशी स्प्रिंग वाइसमध्ये तशीच राहिली आणि त्याच्या पायाशी एक जुनी, वाकडी पट्टी आली. साहेबांच्या अंगाचा मधाचा वास आला की केरबा ती फरशीवर टाकी. खण्ण. मग कमरेवर हात ठेवून वाके, कण्हे, उचले. साहेब हळहळत. थोड्याच दिवसांत त्यांनी केरबाला फोरमन केले.

एका संध्याकाळी दाजी त्याच्याकडे आला. पाठीत उसण भरल्याने तो तिरका चालत होता.

"केरबाभाऊ, पट्ट्या तुझ्याही पडतात. मग तुझ्या झडपा तिरक्या का होत नाहीत?"

केरबाच्या मनात त्या हाराचा राग होता. पण हार केव्हाच सुकला होता, आणि दाजीची पाठ काही बरी झाली नव्हती. तो उठला, भंगारातून दुसरी स्प्रिंग हुडकली, एक वाकडी पट्टीही घेतली.

"ही वाइसमध्ये. ही पायाशी. यातली दुसरी विसरायची नाही."

मग सपाट झडपांचा ढीग लागला. पंपाने पाणी ओढले. हरणे, भेकरे तुटून पडली. साहेब पंपाच्या चौथऱ्यावर चढले आणि बोलले की, या पाण्याच्या थेंबाथेंबात वर्कशॉपचा घाम मिसळलेला आहे. हे ऐकून दोन भेकरांनी पिणे थांबवले.

दाजी मागे उभा राहून ऐकत होता. पाठ कशी ताठ, मोकळी. केरबाने त्याला कोपराने ढोसले. दाजीला आधी कळेना. मग त्याने घाईघाईने कंबर धरली आणि चांगला मोठ्याने कण्हला.

तात्पर्य : पट्ट्या पडणार नाहीत अशी सोय गुपचूप करावी. त्या पडल्याचा आवाज मात्र साहेबांना रोज ऐकवावा.