लाल टिपक्याचा बंदोबस्त

स्वतःच्या बुद्धीने मी आयुष्यात फार थोडे निर्णय घेतले. घरातल्या प्रत्येक वस्तूला गुपचूप नेलपॉलिशचा लाल टिपका लावायचा, हा त्यांतलाच एक. (नेलपॉलिश बायकोचं, बुद्धी माझी.)

कारण, बायकोची संस्था. 'टाकू नका, दुरुस्त करा' म्हणत तिघीजणींनी ती जिन्याखाली सुरू केली. वर्षभरात तिला हॉल मिळाला, फळा मिळाला, एक निवृत्त मेकॅनिकही मिळाले. तिकडे संस्था भरत होती आणि इकडे आमचं घर रिकामं होत होतं! शिडी गेली, इस्त्री गेली. विचारलं की उत्तर ठरलेलं, "दुरुस्तीला दिलीय." परत आलेलं मी काही पाहिलं नाही. संस्था आमच्याच घरावर पोसली जातेय, याबद्दल मला शंका उरली नाही.

शनिवारी ती मीटिंगला गेल्यावर मी उरलेल्या वस्तूंच्या बुडाशी टिपके लावले. उद्या हॉलमध्ये माल पकडायचा तर पुरावा नको? टेबलाखाली उताणा पडलो असताना एक थेंब थेट नाकावर पडला. घासघासला, पण जाईना. बायकोला सांगितलं, "पुटकुळी आलीय."

रविवारी उठून बघतो तर मिक्सर गायब आणि माझ्या वडिलांचा रेडिओही! या घरात माझं ऐकणारी ती एकच वस्तू. मी चपला न घालताच हॉलवर धावलो.

मेकॅनिक रेडिओची पाठ उघडून बसले होते. शेजारी आमचा मिक्सर होता, म्हणजे त्याचे चौदा तुकडे.

"सापडलात!" मी ओरडलो. "तो लाल टिपका बघा. मी लावलाय!"

"तुम्ही?" त्यांनी स्क्रूड्रायव्हरने फळा दाखवला. हिरवा टिपका : दुरुस्त झाले. पिवळा : दुरुस्त करणे. लाल : मोडीत, सुटे भाग काढून घेणे.

आवाज ऐकून बायको आतून आली. तिच्या एका हातात आमची इस्त्री होती, हिरव्या टिपक्याची. "शिडीही झालीय," ती म्हणाली. "आणि रेडिओची खरखर काढून संध्याकाळी तुमच्यापुढे ठेवणार होते."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "रेडिओ... वाचेल ना हो?"

"नुसती पाठ काढलीय," मेकॅनिक म्हणाले. मग त्यांची नजर माझ्या नाकावर स्थिरावली. स्क्रूड्रायव्हर हातातच होता. "ताई, लाल टिपका यांनाही आहे. काय करायचं?"

बायकोने मला आपादमस्तक न्याहाळलं.

"राहू द्या," ती म्हणाली. "यांचा एकही सुटा भाग कुणाच्या कामाला यायचा नाही."