उंटदळाची न उघडलेली पेटी

नेवार्कचे डेस्मंड थर्लबी यांच्याकडे शिशाच्या सैनिकांची एक पेटी होती, आणि ती कधीही उघडली गेलेली नव्हती. लाल कागद चढवलेला पुठ्ठा, झाकणावर सुदानच्या वाळवंटातल्या उंटदळाचं चित्र आणि भोवती कारखान्यातला मूळ दोरा, मूळ गाठीसकट. अशा पेट्या जगात दोनच उरल्या होत्या. एक कॅनडात, दुसरी थर्लबींकडे.

"आत उंटच आहेत ना?" त्यांची बायको ग्लेनिस दर नाताळला विचारायची.

"झाकणावर आहेत की."

"झाकणावर सूर्यसुद्धा आहे."

*शिसे-सैनिक संग्राहक मंडळ, नियम चौथा: दोरा अभंग, तर पेटी प्रथम वर्ग. दोरा सुटलेला, तर द्वितीय. सैनिक बाहेर काढलेले, तर तृतीय. ज्या सैनिकांशी एखादे मूल खेळले आहे, त्यांचा सभेत उल्लेख करू नये.*

प्रथम वर्गाची पेटी साध्या फळीवर ठेवणं शोभेना, म्हणून थर्लबींनी ओकच्या लाकडाचं खास कपाट करवून घेतलं. घट्ट दारं, पितळी कुलूप. शेजारीपाजारी कपाट बघून, वाखाणून गेले. पेटी कोणालाच दाखवली नाही. उजेडानं रंग उडतो.

वसंतात कपाट उघडलं तेव्हा आतून व्हिनेगरसारखा आंबूस वास आला. पेटीच्या कोपऱ्यातून पिठासारखी पांढरी भुकटी सांडली होती. ओकच्या लाकडातून आंबट वाफ सुटते आणि कोंडलेल्या जागेत ती शिसं खाते, हे मंडळातल्या कालच्या सभासदालाही माहीत असतं. थर्लबींनाही माहीत होतं. पण कपाट फार देखणं झालं होतं.

आत उंट मरत होते. पेटी उघडून, भुगा होऊ लागलेले बाजूला काढून उरलेल्यांना हवा दिली, तर काही नक्की वाचले असते.

"मग उघड ना," ग्लेनिस म्हणाली.

"अगं, दोरा!"

"दोरा मी देते. स्वयंपाकघरात रीळच्या रीळ पडलंय."

थर्लबींनी तिच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की ती मुकाट्यानं चहा करायला गेली.

मंडळाची तपासणी समिती आली. अध्यक्ष मेजर ऑर्मरॉड यांनी जन्मभर गालिचे विकले होते. मंडळात हुद्दा सैन्याच्या आकारावर मिळतो आणि त्यांच्याकडे सैन्य मोठं होतं. त्यांनी पांढरे हातमोजे घातले आणि भुकटीभोवती एक फेरी मारली.

"भुकटी पेटीच्या आत आहे की बाहेर?"

"बाहेर, मेजरसाहेब. पण आली आतून."

"येताना पाहिलीत?"

"पेटी बंद असताना कशी पाहणार?"

"तेच म्हणतोय. बंद पेटीतून काही बाहेर येत नाही. आलं असेल, तर पेटी बंद नाही. आपली पेटी उघडी आहे, असं आपलं म्हणणं आहे का, थर्लबी?"

"नाही, नाही! छे!"

"मग हे पीठ आहे. बायकोला म्हणावं, केक जरा जपून करत जा."

"मी केक करत नाही!" आतून ग्लेनिस ओरडली. "विकतचा आणते!"

*इतिवृत्त: पेटी अभंग आढळली. सदर पीठ सदर पेटीचे नाही. आतून आलेली हरकत नोंदवली नाही.*

जूनमध्ये कॅनडाहून बातमी आली. तिथल्या मालकाला अशीच भुकटी दिसली आणि त्या माणसानं सरळ दोरा कापला. निम्मे उंट वाचले. मंडळानं उभं राहून दुखवटा पाळला, पेटी द्वितीय वर्गात टाकली आणि जगातल्या एकमेव अभंग पेटीचे मालक म्हणून थर्लबींना कर्नल केलं.

कॅनडातल्या उंटांचा फोटो आला तो ग्लेनिसच्या हाती पडला.

"किती गोड आहेत रे! हा बघ, मान वळवून मागच्याला बघतोय."

थर्लबींनी फोटो हातात घेतला. "आपलेही असेच असतील, नाही?"

"होते," ग्लेनिस म्हणाली.

त्यांनी पेटी मांडीवर घेतली, हळूच कलती करून कानाशी धरली. पूर्वी आत किणकिणायचं. आता साखर सरकल्यासारखा आवाज आला. त्यांनी शिवणाच्या डब्यातून कात्री काढली, पातं दोऱ्याखाली सरकवलं.

तो दोरा आजही अभंग आहे.

थर्लबींनंतर पेटी बऱ्याच हातांतून फिरली. दर विक्रीला ती थोडी हलकी भरते आणि बरीच महाग होते. पुढच्या लिलावात कोणीही बोली लावू शकतं. समजा, तुम्हीच घेतलीत. राहतं घर विकून घेतलीत. आता ती तुमच्या टेबलावर आहे, शेजारी कात्री आहे, आणि कोण जाणे, आत एखादा उंट अजून मान वळवून बघत असेल.

कापा.

का थांबलात? इतका वेळ तर थर्लबींच्या नावानं खडे फोडत होतात.