सातव्या शिळेने ओ न दिल्याची हकीकत

श्रीहरीचे नाम जिभेवर ठेवून, ऐकणारांनी मन स्थिर करून ऐकावे म्हणोन लिहिले ऐसीजे. शके बाराशे, माघमास. पश्चिमेस समुद्रापलीकडे धुक्याचे एक बेट, त्या राज्याचे नाव घेण्यास कारण नाही. तेथे थार्नफर्डकर म्हणोन जमीनदार घराणे सात पिढ्या नांदत होते, आणि त्यांस राजाची सनद होती की, गावचा बाजार त्यांचा, पाणचक्की त्यांची, आणि चोरास फाशी देण्याचा हक्कही त्यांचाच. त्या घरची हाविसाबाई, पती नुकते निवर्तलेले, कडेवर दोन वर्षांचे लेकरू, पाठीशी दुसरे कोणी नाही. तशात राजाने हुकूम काढिला की, वडिलार्जित हक्क सांगेल त्याने सनद दाखवावी, नाही तर हक्क सरकारजमा. बाईंनी पेटी उघडली तो कसरीने सनदेचा भुगा केलेला. मग राजाचे न्यायाधीश गिल्बर्ट आले, वृद्ध, मनाने बरे, ते बोलिले, "बाई, कागद नाही तर आपल्या मुलखाची जुनी चाल चालवा."

चाल ऐसी की, देवळात पूर्वज पुरले आहेत त्या शिळांवर हात ठेवावा, नाव न घेता नात्याने हाक घालावी, आणि पुजाऱ्याने मेलेल्यांच्या वतीने ओ द्यावी. सात ओ जाहल्या म्हणजे वंश खरा. त्याप्रमाणे भरदुपारी सारा गाव जमला, आणि बाईंनी पहिल्या शिळेवर हात ठेवून हाक घातली, "या लेकराचे वडील." पुजारी तोंड उघडतो न उघडतो तो शिळेखालून आवाज आला, "ओ." आवाज पतीचा. पुजारी मागे सरून दाराशी जाऊन उभा राहिला. परंतु माघार घ्यावी तर लेकराचे वतन जाते. मग "त्यांचे वडील," म्हटले, "ओ" आली, आणि पुन्हा "त्यांचे वडील," आणि पुन्हा "ओ." ऐशा सहा शिळा बोलल्या, आणि पिढीगणिक आवाज जड होत गेला, जणू तोंडात ओली माती. सातवी शिळा मूळपुरुष ओस्बर्टाची, ज्याने तलवारीने गाव घेतला. बाई म्हणाल्या, "त्यांचे वडील." शिळा गप्प. आणि उत्तरेच्या भिंतीबाहेरून, जेथे फाशी गेलेल्यांस पुरतात, तेथून ओ आली, "ओ, मुली. मी इकडे आहे."

तेव्हा कबर खणणारा म्हातारा एडविन पुढे आला आणि म्हणाला, "आईसाहेब, आमच्यात ही गोष्ट चुलीपाशी सांगतात. चक्की मुळात वुल्फ्रिकाची, तोच त्या भिंतीबाहेर पुरला आहे. राजाचं हरीण मारल्याचा आळ घालून मूळपुरुषांनी त्याला लटकावला आणि त्याची बायको गढीत आणली. पाचव्या महिन्यात पोर झालं."

"आणि इतकी वर्षं बोलला नाहीस?"

"फाशीचा खांब तुमच्या दारात, आईसाहेब. बोलून मान कोणाची जाती?"

न्यायाधीश जवळ येऊन हळू बोलिले, "बाई, माझा एक कान बहिरा आहे. ओस्बर्टास नावाने हाक घाला, तो ओ देईल, मी सात लिहून मोहोर करतो." बाईंनी लेकराकडे पाहिले, तो ते उत्तरेच्या भिंतीकडे हात पसरून हसत होते, कोणी उचलून घ्यावे तैसे. मग बाई म्हणाल्या, "साहेब, घरचं माणूस उंबऱ्याबाहेर उभं आहे. त्याला तसंच ठेवून मी आत परक्याच्या पाया पडू?" आणि बाहेर जाऊन, बर्फावर बसून, हात टेकून हाक घातली, "या लेकराचे मूळपुरुष." ओ आली, आणि तिच्या पाठोपाठ देवळातल्या सहाही शिळांनी एकदम ओ दिली.

न्यायाधीशांनी लिहविले की, बाजार, गढी आणि फाशी राजाने ओस्बर्टाच्या रक्तास दिली, ते रक्त उरले नाही, सबब सरकारजमा. चक्की सनदेहून जुनी, ती लेकराची. मग बाई चक्कीवर राहावयास गेल्या, आणि सहा शिळा पुन्हा बोलल्या नाहीत.

परंतु सातवी बोलू लागली. देवळात भजन चालले असता, गाणारे श्वास घेण्यास थांबले की खालून पुसते, "मी कोणाचा वडील?" लोक घाईने पुढचे पद उचलतात. बाई मात्र तेवढा वेळ गात नाहीत.

येणेप्रमाणे थार्नफर्डकरांचे वैभव एका हाकेत गेले, आणि लेकरास आपला माणूस मिळाला. हरी कृपाळू आहे. त्या सातव्यासही कोणी ओ देणारा मिळो, इतकीच लिहिणाराची विनंती.