टेकाड परत करण्याबाबत

स्वच्छता ही मुळात घाण दुसऱ्याच्या दारात पोचवण्याची कला आहे. या कलेत आमच्या शहराने फार पूर्वीच नाव काढलं. वर्षानुवर्षं कचरा समुद्रकाठी टाकला, त्यावर माती लोटली, मातीवर गवत उगवलं आणि शाळेच्या सहली तिथे निसर्ग पाहायला जाऊ लागल्या.

आता समुद्र हे टेकाड पायथ्याकडून कुरतडतो आहे. (त्याने परवानगी घेतलेली नाही.) आतून काळं पाणी झिरपतं, आणि खालच्या चिखलात शिंपल्या वेचून विकणाऱ्या मावशींची गिऱ्हाइकं नाकं मुरडू लागली आहेत. म्हणून एक अत्यंत अभ्यासू समिती नेमण्यात आली. मी तिचा चिटणीस असल्यामुळे तिच्याविषयी आदरानेच बोलेन.

समितीला असं आढळलं, की टेकाड खोदलं तर गाडलेलं विष मोकळं होऊन शिंपल्या मरतात. भिंत घातली तर भरती अडते, चिखल सुकतो, शिंपल्या मरतातच. काहीच केलं नाही तर शिंपल्या जगतात. खाणाऱ्यांबाबत मतभेद आहेत. शिवाय टेकाडावर एका दुर्मिळ पक्ष्याने घरटी केली असून ती नव्वद टक्के प्लास्टिकची आहेत, त्यामुळे कचरा हलवणं हा पर्यावरणाचा ऱ्हास ठरतो. प्रत्येक मार्गाला शास्त्राचा भक्कम आधार होता. मध्ये फक्त मावशींचं पोट येत होतं.

सुनावणीत अध्यक्ष मोठ्या मनाने म्हणाले, "मावशी, मग तुम्हीच सांगा, काय करायचं?"

"मला काय विचारता? आमच्या वस्तीत कचऱ्याची गाडी कधी आलीच नाही," मावशी भडकल्या. "ज्यांचं त्यांना नेऊन द्या, आणि माझा किनारा मला द्या!"

इतका सोपा मार्ग समितीच्या नजरेतून सुटला होता. (बैठका चहाच्या वेळेत असत.) ठराव एकमताने झाला: टेकाड हातांनी, हळूहळू, पक्ष्यांचा विणीचा हंगाम टाळून उकलायचं आणि ज्याचं त्याला परत करायचं. हरकतींसाठी मुदत दिली होती, ती संपली. आपण नेहमीप्रमाणे नोटीस वाचली नाही, याबद्दल समिती आपली आभारी आहे.

या कचऱ्यातला आपला वाटा काढून ठेवला आहे. ट्रकच्या धुराने हवा बिघडते, तेव्हा तो आपण स्वतः येऊन न्यावा. तोवर शिंपल्यांची विक्री बंद आहे. मावशी रोज पायथ्याशी येऊन बसतात आणि मला विचारतात, "आज तरी कोणी येईल का हो?" मी हो म्हणतो. मला वाईट वाटतं, पण हो म्हणतो.

येताना पिशवी घरून आणावी. (प्लास्टिकची चालणार नाही.)