खामोशीवाले भुजंगराव

भुजंगराव कोणाच्याही घरी गेले की आधी खिशातून लहानसा रेडिओ काढतात आणि दोन स्टेशनांच्या मधल्या खरखरीवर लावून वस्तूंजवळ धरत फिरतात. ट्यूब, चार्जर, पंख्याचं बटण, काही सुटत नाही. रेडिओ कर्कश ओरडला की यजमानाकडे वळून कळवळून सांगतात, "हे लई बोंबलून राहिलंय हो." एकदा उदगीरला मुलगी बघायला गेले, तर पोहे यायच्या आत उठून त्यांनी फ्रिज तपासला. फ्रिज नवा होता. त्यात काढलेली खोट मुलीच्या वडिलांना सहन झाली नाही आणि मामला तिथेच आटोपला. पुढे भुजंगरावांनी लग्नाचा विषय काढला नाही, इतरांनीही काढला नाही.

हा माणूस वेडा नाही, निदान आमच्या कामात तरी नाही. उदगीरपासून बरीच आत, माळावर आमची रेडिओ दुर्बिणींची वेधशाळा आहे. मी तिथे यंत्रांचं बघते, भुजंगराव प्रोग्राम लिहितात. आभाळातून येणाऱ्या रेडिओलहरी इतक्या क्षीण असतात की जवळचा एखादा खराब बल्बही त्यांना बुडवून टाकतो. माणसांचा हा गोंगाट ओळखून वेचून फेकायचा, हे भुजंगरावांच्या प्रोग्रामचं काम. ते मूळचे शिरूर अनंतपाळचे, नांदेडला एम.एस्सी. झाले. बाहेरून आलेले हुशार लोक इथे थोडे दिवस काढतात आणि परदेशी जातात. हे मात्र इथेच राहिले.

"खामोशी पाहिजे, बाई, खामोशी!" ते मला म्हणत. "ह्या माळावरून एक तरी तारा निघाला पाहिजे. आपला. मंग मी मरायला मोकळा."

तारा म्हणजे पल्सार. हा मेलेला तारा स्वतःभोवती गरगर फिरतो आणि ठरावीक वेळाने एकेक ठोका पाठवतो. कुणालाच माहीत नसलेला असा एक ठोका सापडावा, एवढीच त्यांची इच्छा. त्यापायी क्वार्टरमध्ये ना टीव्ही, ना मिक्सर. चटणी पाट्यावर वाटायचे आणि बोटं ठेचून घ्यायचे. आम्ही हसायचो.

मग आसपासच्या शेतांत झटका मशीन आलं. रानडुकरं अडवायला हे यंत्र कुंपणाच्या तारेत थोड्या थोड्या वेळाने विजेचा धक्का सोडतं. टक, टक, टक. आमच्या दुर्बिणींत रात्रंदिवस तेच. भुजंगराव रेडिओ घेऊन बांधाबांधावर फिरले.

"मामा, तुमचं कुंपण आभाळात वरडून राहिलंय."

"वरडू द्या की, सर," शेतकरी म्हणाला. "तेवढंच डुकराला भेव."

त्याचंही खरंच होतं. डुकरांनी लोळवलेला हरभरा मी पाहिला होता. शेवटी वैतागून भुजंगरावांनी प्रोग्राममध्ये एक नियम घातला. या चालीचा ठोका दिसला की तपासत बसायचं नाही, सरळ फेकून द्यायचं. आभाळातून आलेला ठोका कसा पारखायचा, हे खरं तर त्यांनीच आम्हा सगळ्यांना शिकवलेलं. पण पारखायला वेळ लागत होता आणि काम तुंबलं होतं. नियम लागला, पडदे स्वच्छ झाले, वेधशाळेच्या साहेबांनी खूश होऊन सगळ्यांना चहा पाजला. डिस्कवर जागा नसते म्हणून मूळ नोंदी आम्ही पुसून टाकतो. त्याही गेल्या.

मध्यंतरी परदेशातल्या एका वेधशाळेने नवा पल्सार जाहीर केला. आभाळाचा तो तुकडा आम्ही नियम लागला तेव्हापासून कित्येक वर्षं न्याहाळत होतो. ठोक्याची चाल वाचली आणि भुजंगराव प्रोग्राम उघडून बसले. मग त्यांनी तो नियम काढला आणि मला दुर्बिणी तिकडे वळवायला सांगितलं. पहिल्याच फेरीत तो आला. चाल थेट झटका मशीनची, पण खुणा सगळ्या आभाळातल्या. तो तिथेच होता, रोज येत होता आणि रोज कचऱ्यात जात होता.

"होतं असं," साहेब म्हणाले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी भुजंगराव कॅन्टीनला आले नाहीत. मी शोधत गेले तर ते दुर्बिणींच्या मागे, रस्त्याखालच्या मोरीच्या कठड्यावर भर उन्हात बसलेले. मान वर.

"सर, जेवायला चला."

"तो आता मावळतीकडं कलला हाय," ते म्हणाले. आमचे तारे दिवसाही असतात, दिसत नाहीत एवढंच. "इतकी वर्षं हाका मारून राहिला, बाई. अन् मी दर खेपेला त्याच्या तोंडावर दार लावलं. डुकराचं कुंपण समजलो त्याला."

माणसाने उभा जन्म ज्याची वाट पाहिली त्याला स्वतःच्याच हाताने हाकलावं, याच्यावर काय समजूत घालणार? माझे डोळे भरून आले आणि मी उन्हाचं निमित्त केलं.

"चक्कर येईल, सर. उठा."

"तुम्ही व्हा पुढं. मावळू द्या त्याला. आज त्याला एकट्याला टाकून मला उठवना."

मी पुढे गेले नाही. त्यांच्या शेजारी बसले आणि कुठे बघायचं, तेवढं विचारलं. त्यांनी बोट केलं. तिथे नुसतं निळं आभाळ होतं. आम्ही दोघं तिकडे बघत राहिलो.