कासमभाईंची गाठ

कासमभाई टेलरकडे पावसाळ्यात माप द्यायला गेलात, तर एका हातात छत्री धरावी लागायची. दुकान त्यांच्या मालकीचं, पण छप्पर अर्धंच. उरलेल्या अर्ध्यावर दोन वर्षं त्यांनी एक कौल चढवू दिलं नाही.

"मास्तर, तो पुरावा आहे. पुराव्याला हात लावायचा नसतो!"

"अहो, पुरावा माझ्या डोक्यावर गळतोय!"

शेजार माझा, म्हणून अर्ज लिहायची हमालीही माझीच. झालं होतं असं. आमच्या जव्हारात पावसाआधी भिंतीला वाशांवर गाठी मारून गवताचा आडोसा बांधतात. त्या साली वाऱ्याने वासा मोडून तो आडोसाच उडवला आणि जाता जाता अर्धं छप्पर नेलं. दुकानाचा विमा होता. कंपनीने कळवलं, 'आडोशाच्या गाठी सैल होत्या. मालकाचा निष्काळजीपणा. भरपाई नाही.'

"सैल?" कासमभाई असे भडकले, की त्या दिवशी माझ्या पँटला खिसा बाहेरून शिवला.

केस ठाण्याच्या ग्राहक कोर्टात गेली. दर तारखेला हा गृहस्थ मोडका वासा खांद्यावर घेऊन एस.टी.त चढायचा. वाशावर गाठ तशीच. एकदा कंडक्टरने वाशाचं अर्धं तिकीट फाडलं. "मग त्याला बसायला जागा द्या," हे म्हणाले. त्याने दिलीही. मी जव्हार ते ठाणे उभा!

कोर्टात त्यांनी वासा कंपनीच्या वकिलापुढे धरला. "वकीलसाब, लाकूड तुटलं, गाठ नाही सुटली. तुम्ही सोडून दाखवा, केस मागे घेतो." वकील बिचारा खरंच लागला. नखं झाली, किल्ली झाली, शेवटी दात लावले. न्यायाधीश चष्मा पुसत बसले.

मग कंपनी नरमली. पूर्ण भरपाई देतो, केस मागे घ्या. मला वाटलं, सुटलो बुवा! पण हे अडून बसले. "पैसा राहू दे. गाठी सैल होत्या, ते आधी खोडा."

"एका गाठीपायी माझ्या सगळ्या रजा संपल्या!" मी ओरडलो.

अखेर निकाल आला. 'गाठी नीट बांधलेल्या होत्या.' ती ओळ त्यांनी माझ्याकडून तीनदा वाचून घेतली आणि दुकानाच्या भिंतीकडे बघून म्हणाले, "ऐकलंस ना, रुकय्या?"

आडोसा दरवर्षी त्यांची बायको, रुकय्याभाभी बांधायच्या. तो त्यांनी बांधलेला शेवटचा. कंपनीचं पत्र आलं, तेव्हा त्यांना जाऊन महिना झाला होता. हे सगळं मला ठाऊक होतं, पण कधी जोडून पाहिलं नाही. फार लाज वाटली.

दुसऱ्याच दिवशी कौलं चढली. वासा मशीनच्या वर टांगला.

"आता आडोसा मी बांधतो," कासमभाई म्हणाले. "पण माझ्या गाठी सैलच राहतात, मास्तर."