चिखलाचे कोष्टक

भूमापन कचेरीत बावीस वर्षे साखळी ओढलेल्या मोजणीदारांना जगातील कोणतीही गोष्ट सहन होत असे, परंतु न मोजलेले अंतर सहन होत नसे. त्यांच्या आयुष्याची जी दशा झाली, ती ह्या एकाच सद्गुणापायी झाली.

दर रविवारी दुपारी मेहुण्याच्या तिसऱ्या मजल्यावरील घरी चौघे जमून फाशांचा एक कथाखेळ खेळत. एकाने गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी तीत वीर बनून शिरायचे, असा तो खेळ. मेहुणा खड्गवीर होता, शेजारची शिंपीणबाई जादूगारीण होती आणि टपालवाला चोर होता. पूर्वी गोष्ट मेहुणा सांगत असे. तो एकदा म्हणाला, "तीन दिवस चाललात आणि किल्ल्यापाशी पोचलात." मोजणीदारांच्या हातातला कप तसाच राहिला.

"तीन दिवस? आणि मधली नदी? चढ किती होता? पाठीवर वजन किती?"

"दाजी, तुम्हीच सांगा ना मग गोष्ट!" मेहुणा वैतागून म्हणाला.

तो शब्द मेहुण्याला भोवला. मोजणीदारांनी दोनशे पानांची वही भरून चालीची कोष्टके केली: मुरूम, वाळू, गवत, चिखल. पहिल्या पानावर सुवाच्य अक्षरांत वाक्य होते: 'खऱ्या प्रवासात बहुतेक वेळ काहीच घडत नाही.' तदनुसार काहीच घडले नाही. अकरा महिन्यांत वीरांची मजल अडीच मैलांवर गेली नाही. खड्गवीराची तलवार गंजली, तीही कोष्टकानुसार. जादूगारणीच्या टाचेचा फोड तीन रविवार पुरला. त्यातही चौदावा नियम सर्वांच्या डोळ्यांत सलत होता: चिखलाने माखलेला पाय धुऊन वाळेपर्यंत चाल चिखलातलीच धरावी, मग पुढे राजमार्ग का असेना!

इकडे मोजणीदार घरी पुठ्ठ्याचा किल्ला बांधीत होते. बत्तीस खोल्या, प्रत्येकीला काड्यापेटीच्या पुठ्ठ्याचे उघडणारे दार. वीर पोचले की तो टेबलावर ठेवायचा, ह्या एका क्षणासाठी हा मनुष्य जगत होता. पण वीर पोचेनात, आणि मागच्या रविवारी मेहुण्याने निर्वाणीचे सांगितले, "पुढच्या रविवारी पाचच्या आत किल्ला दिसला नाही, तर आपण पत्ते खेळणार."

मोजणीदारांना आठवडाभर अन्न गोड लागले नाही. अखेर त्यांनी मनाशी ठरविले की नियम गेले खड्ड्यात, आज किल्ला टेबलावर ठेवायचा आणि म्हणायचे, "पोचलात." निघताना बायको म्हणाली, "तो तिकडेच ठेवून या. अकरा महिने त्याला वळसा घालून जातेय मी."

नियम खड्ड्यात जाण्यापूर्वी मोजणीदारच गेले. उशीर झाला म्हणून त्यांनी जवळची वाट धरली, आणि ती नळाच्या कामासाठी खणलेली होती. डोक्यावर किल्ला आणि गुडघ्यापर्यंत चिखल, अशा अवस्थेत त्यांनी मेहुण्याला फोन लावला.

"अरे, साडेचारला निघालो आणि गाळात रुतलोय! थोडं थांबा, पत्ते काढू नका!"

पलीकडून टपालवाल्याचा आवाज आला, "वही इथंच राहिलीय ना त्यांची? काढा की!"

"हां दाजी," मेहुण्याच्या आवाजात अकरा महिन्यांत प्रथमच चैतन्य आले होते. "चिखल किती?"

"गुडघाभर. पण ते..."

"डोक्यावर ओझं?"

"आहे."

"गाळातून पाय काढायला चार किंवा जास्त पडायला हवेत. ताई, टाका फासा!" खडखडाट झाला. "दोन! पाय निघत नाही. जोडा गेला."

"अरे निघाला! इथल्या एका कामगाराने ओढून काढलं मला!"

"कुठला कामगार?" शिंपीणबाई कडाडल्या. "वाटसरू सहा पडल्यावर भेटतो. तुमचंच कोष्टक आहे ना? घाला बघू पाय परत."

जोडा मात्र खरोखरच गेला होता.

मोजणीदार एका पायाने फटफटत पाचला पाच कमी असताना तिसऱ्या मजल्यावर पोचले. किल्ल्याचा एक बुरूज गळून पडला होता, तळ भिजला होता. तरी किल्ला किल्लाच होता. त्यांनी दार ठोठावले.

"कोण?"

"मी! किल्ला घेऊन आलोय!"

"तुम्ही कसे असाल?" आतून टपालवाला म्हणाला. "तासाला चार किलोमीटर. चिखलात चौथा हिस्सा, म्हणजे एक. ओझ्यामुळे निम्मं. एक पाय अनवाणी, त्याचं निम्मं. अर्धा किलोमीटर यायला दोन तास. साडेचारला निघालात, साडेसहाला याल."

"पण खणलेला भाग वीसच पावलं होता! पुढे चांगला रस्ता आहे!"

आत पाने उलटल्याचा आवाज झाला. मग तिघे एका सुरात म्हणाले, "नियम चौदावा!"

"पाय धुतलेत का, दाजी?"

मोजणीदारांनी पायांकडे पाहिले. खोटे बोलणे त्यांच्या धंद्यात बसत नव्हते. ते पायरीवर बसले आणि बोटांवर हिशेब तपासू लागले. हिशेब बरोबर निघाला असता तरी त्यांना समाधान वाटले असते. परंतु तो चुकला होता.

"जिन्याची चढण धरली नाही तुम्ही," ते क्षीण स्वराने म्हणाले. "मजल्याला वीस मिनिटं. साडेसात होतात."

आत जो आनंद उसळला, तसा त्या घरात कुठल्याही वीराच्या वाट्याला आला नव्हता. चहाचा वास दाराखालून बाहेर आला.

"त्यांना कपभर द्यायचा का?" शिंपीणबाईंनी विचारले. फासा खडखडला. मोजणीदारांनी आयुष्यात प्रथमच सहा पडावेत म्हणून डोळे मिटले.

"काय पडलं?"

"दोन."

दोनला काय होते, हे त्यांना पाठ होते. काहीच घडत नाही.

"बरं, पत्ते...?" त्यांनी भीतभीत विचारले.

"पत्ते कसले, दाजी! पुढच्या रविवारी टेकडीवरून या. टेकडीचं कोष्टक अजून उघडलंच नाही आम्ही."

अर्थात खेळ वाचला होता. किल्ला त्यांनी मांडीवर घेतला आणि साडेसातपर्यंत वेळ होता म्हणून एकेक दार उघडून पाहिले. बत्तीसपैकी सत्तावीस अजून उघडत होती.